दुधाच्या पिशवीएवढं अंतर



मी निवृत्त शिक्षिका आहे. एकतीस वर्षं डोंबिवलीच्या एका शाळेत भूगोल शिकवला. नकाशा कसा वाचायचा, प्रमाण म्हणजे काय, पाणी कुठून कुठे वाहतं, हे दर वर्षी शंभर-सव्वाशे मुलांना शिकवलं. आणि स्वतःचं म्हातारपणाचं घर घ्यायची वेळ आली, तेव्हा मात्र मी नकाशा उघडलाच नाही. रंगीत ब्रोशर उघडलं. ती चूक काय होती, आणि ती निस्तरताना आम्ही काय शिकलो, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

आमचं डोंबिवलीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. चोपन्न पायऱ्या. माझा गुडघा कुरकुरायला लागला होता. २०१८ मध्ये मी निवृत्त झाले. यजमान त्याआधीच बँकेतून निवृत्त झाले होते. पुढच्या वर्षी आम्ही ते घर विकलं आणि पुण्याच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या एका मोठ्या गृहसंकुलात फ्लॅट घेतला. दोन लिफ्ट, बाग, पोहण्याचा तलाव, क्लब हाऊस, चोवीस तास पहारा. चौरस फुटाचा भाव शहरापेक्षा कितीतरी कमी. नातेवाईक घर बघायला यायचे आणि म्हणायचे, "सुटलात बाई तुम्ही!"

पहिली तीन वर्षं खरंच मजेत गेली. पण ती घरामुळे नाही, गाडीमुळे मजेत गेली, हे नंतर कळलं. भाजीला गाडी, बँकेला गाडी, नाटकाला गाडी. गाडी हे चालवायचे. मी शेजारी बसायचे.

२०२२ मध्ये यांना काचबिंदू असल्याचं निदान झालं. काचबिंदूचं एक वाईट असतं. समोरचं बराच काळ नीट दिसतं, पण बाजूचं दिसणं हळूहळू कमी होत जातं, आणि माणसाला ते लवकर कळत नाही. डॉक्टर म्हणाले, "औषधाच्या थेंबांनी आहे ते टिकवायचा प्रयत्न करू. गेलेलं परत येणार नाही. आणि गाडी आजपासून बंद." घरी आल्यावर यांनी किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. ती तिथेच राहिली.

मी एकसष्टाव्या वर्षी गाडी शिकायला गेले. दीड महिन्यानंतर शिकवणाऱ्या मुलानेच हात जोडले. म्हणाला, "मॅडम, तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

मग आमच्या लक्षात आलं की आपण राहतो ती जागा घर नाही, बेट आहे. संकुलातलं किराणा दुकान चालेना म्हणून बंद झालं होतं. जवळचं दुकान १.४ किलोमीटरवर. वाटेत सर्व्हिस रोड, त्यावर उलट्या दिशेने येणारे डंपर. फूटपाथ सुरू व्हायचा आणि विजेच्या डीपीपाशी संपायचा.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, "आता सगळं घरपोच येतं की." येतं. दूध, भाजी, औषध, सगळं दाराशी यायचं. पण फोनवरची ती बारीक अक्षरं यांना लागत नव्हती. म्हणजे मागवायचं मीच. ओटीपी सांगायचा मीच. आणि दुधाबरोबर नुसतं दूधच येतं. "काका, आज उशीर केलात" हे काही पिशवीतून येत नाही.

एका सकाळी हे मला म्हणाले, "अगं, दाढीचं ब्लेड संपलंय. मागवतेस का?" मी म्हटलं, "दुपारी सामानाबरोबर मागवते, एकट्या ब्लेडला कशाला डिलिव्हरीचे पैसे?" हे गप्प बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "कमी दिसतं त्याचं मला काही वाटत नाही. पण एक ब्लेड आणायला मला तुझी परवानगी लागते."

चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी असं बोलला नव्हता. मला राग आला, मग रडू आलं. कारण मलाही आतून तेच टोचत होतं. यांचे पाय, यांचे डोळे, यांचा फोन, सगळं मीच झाले होते. उद्या मला काही झालं तर?

त्या रात्री मी वही घेऊन बसले. संकुलाची देखभाल महिन्याला ४,८०० रुपये. उभ्या गाडीचा विमा, सर्व्हिस आणि अधूनमधून बोलावलेला ड्रायव्हर, सरासरी ६,०००. दवाखाना आणि बँकेसाठी टॅक्सी, ५,२००. झाले सोळा हजार. स्वस्त घर म्हणून आलो होतो, आणि त्या घरातून बाहेर पडण्याचं भाडं महिन्याला सोळा हजार देत होतो. बिल्डरच्या भावात हे कुठेही लिहिलेलं नसतं. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की घराची किंमत दोन आकड्यांत लिहायची. एक, घर घ्यायला किती. दुसरा, त्या घरातून रोजच्या कामांना पोचायला किती. दुसरा आकडा मरेपर्यंत भरावा लागतो.

जागा बदलायची ठरलं. पण कुठे?

मुलगा बंगळुरूला असतो. तो म्हणाला, "आई, इकडेच या, आमच्या सोसायटीत फ्लॅट बघतो." आम्ही महिनाभर राहायला गेलो. मुलगा-सून सोन्यासारखी आहेत. पण दोघंही सकाळी साडेआठला जायची आणि रात्री आठला यायची. समोरच्या बाजूला औषधाचं दुकान दिसायचं, अक्षरशः गॅलरीतून दिसायचं. मध्ये सहा पदरी रस्ता. सिग्नलपाशी जाऊन, ओलांडून परत यायला मला चौदा मिनिटं लागायची, यांना एकट्याने जाणं शक्यच नव्हतं. मी मुलाला सांगितलं, "बाळा, तुझ्याजवळ यायचं आहे, पण तुझी वाट बघत बसायला नाही यायचं." त्याला वाईट वाटलं. दोन महिने फोनवर नीट बोलला नाही. हे सांगते आहे, कारण असा निर्णय घेतला की घरात कुणीतरी दुखावतंच. ते धरून चालायचं.

मग मला मावशीचं बडोदं आठवलं. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दांडिया बाजारात मावशीकडे जायचो. गायकवाडांमुळे अठराव्या शतकापासून मराठी माणसं तिथे आहेत, आणि दांडिया बाजार हा त्यांचा जुना भाग. मावशी आता नाही. पण माझ्या डोक्यात एक चित्र होतं: मावशी चपला घालून बाहेर पडायची आणि अर्ध्या तासात भाजी, फुलं, शेव-उसळ आणि गावभरच्या बातम्या घेऊन परत यायची. यांना बँकेच्या बदलीमुळे गुजराती येत होतं. आणि मुंबई-पुण्याच्या मानाने घरांचे भाव आम्हाला झेपणारे होते.

पण एकदा आठवणीवर आणि ब्रोशरवर भाळून फसलो होतो. या वेळी ठरवलं, आधी भाड्याने राहायचं, पायांनी तपासायचं, मगच विकत घ्यायचं. इथे एक उपयोगी गोष्ट सांगते. जुनं घर विकल्यावर दोन वर्षांच्या आत दुसरं घर विकत घेतलं, तर दीर्घकालीन भांडवली नफ्यावरच्या करात सवलत मिळू शकते. म्हणजे घाई नसते. मात्र रिटर्न भरण्याच्या मुदतीपर्यंत घर घेतलं नसेल, तर ती रक्कम बँकेत भांडवली नफा खाते योजनेत ठेवावी लागते, साध्या एफडीत नाही. आपल्या सीएला आधी विचारा, नंतर नाही.

आम्ही ऑक्टोबर २०२४ मध्ये बडोद्याला गेलो. त्याआधी ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीला मोठा पूर येऊन गेला होता. विश्वामित्री शहराच्या मधून वाहते, तिच्यात मगरी आहेत, आणि त्या पुरात त्या वस्तीतही शिरल्या होत्या. घर शोधायला ही वेळ वाईट असं दलाल म्हणाला. मी म्हटलं, "हीच चांगली वेळ." भिंतींवर पाण्याची रेघ अजून ताजी होती. "इथे पाणी येत नाही हं, बेन," असं एका ठिकाणी तो सांगत होता आणि त्याच्या कमरेएवढ्या उंचीवर, त्याच्याच मागच्या भिंतीवर चिखलाची रेघ होती. दलालापेक्षा भिंत खरं बोलते. तुमच्या गावात नदी नसली तरी नाला असेल. पावसाळा संपल्यावर लगेच घर बघायला जा. आणि तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारा, "मागच्या पावसात माल कुठल्या फळीवर उचलून ठेवला होता?" तो खोटं सांगत नाही, कारण त्याचं नुकसान झालेलं असतं.

पहिले तीन महिने आम्ही शहराच्या पश्चिमेकडच्या एका नव्या भागात भाड्याने राहिलो. रुंद रस्ते, नव्या इमारती, लिफ्ट, मोकळी हवा. चालायला सुंदर! पण जायला कुठे काही नाही. दुकानांची रांग ९०० मीटरवर. हे सकाळी फिरायचे आणि जसे गेले तसे परत यायचे. तेव्हा कळलं की फिरायला जागा असणं वेगळं आणि चालत कामं होणं वेगळं.

मग दोन महिने जुन्या शहरात, एका पोळात राहिलो. पोळ म्हणजे आपल्याकडचा वाड्यांचा बोळ समजा. सगळं दाराशी. पण जिना शिडीसारखा उभा, धरायला दोरी. गल्लीत समोरून स्कूटर आली की भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. ज्याला बाजूचं दिसत नाही त्याच्यासाठी ते अवघड. यांच्या कोपराला दोनदा आरसा लागला.

म्हणजे एक जागा फार मोकळी, दुसरी फार दाट. आम्हाला हवं होतं ते या दोघांच्या मध्ये. दांडिया बाजाराच्या आतल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर जागा मिळाली. सतरा पायऱ्या, रुंद, मध्ये थांबायला चौक. आधी ११,००० रुपये भाड्याने घेतली. आणि माझ्यातली भूगोलाची बाई जागी झाली. मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. या परीक्षा तुम्हीही घेऊ शकता, म्हणून नीट सांगते.

पहिली परीक्षा आठ दारांची. दूध, भाजी, औषध, बँक, डॉक्टर, न्हावी, वाचनाची जागा आणि रिक्षा-बसचा थांबा. ही आठ दारं घरापासून चालत किती मिनिटांवर? पण चालायचं कुणाच्या पावलांनी, हे महत्त्वाचं. माझ्या नाही. घरात जो सगळ्यात हळू चालतो त्याच्या. आणि जाताना रिकाम्या हाताने नाही, येताना तीन किलोची पिशवी घेऊन. आमच्या घरापासून सहा दारं यांच्या चालीने दहा मिनिटांच्या आत होती. बँक बारा. वाचनाला मांडवीच्या बाजूचं मध्यवर्ती ग्रंथालय. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये सुरू केलेलं, तिथे आजही मराठी पुस्तकं मिळतात. ते मात्र लांब आहे, रिक्षाने जावं लागतं. आठपैकी एक दार लांब असलं तर चालतं. चार लांब असली तर ते घर सोडून द्यावं.

दुसरी परीक्षा ओलांडण्याची. सिग्नलचा वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरायची पद्धत आहे. बारा मीटरचा रस्ता, दहा सेकंद. मी यांच्या चालीचं घड्याळ लावलं. सेकंदाला ०.८ मीटर. म्हणजे पंधरा सेकंद. ते पाच सेकंद म्हातारा माणूस रस्त्याच्या मधोमध असतो आणि समोरून हॉर्न सुरू झालेले असतात. म्हणून मी बघितलं की आठ दारांपैकी किती दारं मोठा रस्ता न ओलांडता मिळतात. पाच मिळत होती. ही गोष्ट नकाशावर किलोमीटर मोजून कळत नाही.

तिसरी परीक्षा जमिनीची. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. टेप घेऊन मोजून बघा, आपल्या गावातले बरेच फूटपाथ मधल्या खोक्यांपाशी, झाडांपाशी नापास होतात. खरं सांगायचं तर आमच्या गल्लीत फूटपाथच नाही. पण गल्ली वळणाची, दोन्ही बाजूंना दुकानं, त्यामुळे गाड्या हळू जातात आणि चालवणारा माणसं बघत चालवतो. मुख्य रस्त्यावर मात्र कडेला दुचाकींच्या रांगा आणि मोकाट गाई. तिथे मी यांच्याबरोबर जाते. चांगला परिसर म्हणजे सगळं चांगलं असतो असं नाही. कुठला तुकडा एकट्याने चालायचा आणि कुठला सोबतीने, हे आधी माहीत असलं की झालं.

चौथी परीक्षा घड्याळाची. जागा एकदाच सकाळी बघू नका. मे महिन्यात दुपारी एक वाजता बघा. बडोद्यात तेव्हा पारा चाळिशीच्या वर असतो. सावली कुठे आहे? रात्री नऊला बघा. दिवे लागतात का, खड्डे दिसतात का? मोठ्या पावसानंतर तासाभराने बघा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाऊण तास गुडघाभर पाणी साचतं. ते आम्हाला घर घेण्याआधी माहीत होतं, म्हणून दोन दिवसांचं दूध-औषध घरात ठेवतो आणि पाणी ओसरेपर्यंत बाहेर पडत नाही.

पाचवी परीक्षा बसण्याची. ही मला कुणी सांगितली नव्हती. म्हाताऱ्या माणसाच्या चालण्यात बसणंही धरायला हवं. शंभर-दीडशे पावलांनंतर टेकायला जागा असेल तर तो अर्धा किलोमीटर जातो. नसेल तर दारातूनच परत फिरतो. नव्या वस्तीत तीन महिन्यांत बसायला एक जागा सापडली नव्हती. इथे जुन्या घरांना ओटे आहेत, गुजरातीत ओटलो म्हणतात. औषधवाल्याच्या ओट्यावर, मग शिंप्याच्या, मग देवळाच्या पायरीवर. संध्याकाळी सूरसागरच्या काठावर. बसलं की कुणीतरी बोलतं, आणि बोलायला मिळणार असलं की माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा उठून बाहेर जातो.

सहा महिने भाड्याने राहून मग त्याच गल्लीत, दोन घरं पलीकडे, पहिल्याच मजल्यावर घर विकत घेतलं. ३३ लाखांना. जुनी इमारत, लिफ्ट नाही. संकुलातला फ्लॅट ४६ लाखांना गेला, तोही सात महिने थांबून. गुजरातमध्ये मुद्रांक शुल्क ४.९ टक्के आहे, आणि घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर एक टक्का नोंदणी शुल्क माफ होतं. घर माझ्या नावावर आहे. हे म्हणतात, "मी भाडेकरू." एक अडचणही सांगते. शहराच्या बऱ्याच जुन्या भागांत अशांत क्षेत्राचा कायदा लागू आहे, तिथे खरेदी-विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. त्यात आमचे बरेच आठवडे गेले. दुसऱ्या राज्यात घर घेताना तिथला वेगळा कायदा कोणता, हे वकिलाला पैसे देऊन विचारा. दलाल फुकट सांगतो ते पुरेसं नसतं.

अडीच लाख घरात घातले. संडास-बाथरूममध्ये धरायला दांडे, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी. गाडी विकली. आता देखभाल ९०० आणि रिक्षा साधारण १,५०० रुपये. सोळा हजारांच्या जागी दोन हजार चारशे. वर्षाला एक लाख त्रेसष्ट हजार रुपये वाचतात. यांनी सत्तरी ओलांडली आहे, म्हणून आयुष्मान वय वंदना कार्डही काढलं. सत्तर आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण त्यात आहे. सयाजी रुग्णालय रिक्षाने काही मिनिटांवर आहे. डोळ्यांचा डॉक्टर मिळेपर्यंत मात्र आम्ही घराचा बयाणा दिला नव्हता.

आता कुणाला वाटेल की मग सगळं छान झालं. नाही. नवरात्रात नऊ रात्री झोप नसते. पहिल्या मजल्यावर धूळ येते. आधीच्या घरातली बाग मला अजून आठवते. आणि यांचे डोळे बरे झालेले नाहीत. मागच्या तपासणीत उजव्या डोळ्याचं आणखी थोडं गेलेलं होतं.

त्या दिवशी दवाखान्यातून घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. काही सुचत नव्हतं. बाहेर यांचा आवाज आला, कुणाशी तरी बोलत असावेत असा. बघते तर हे गॅलरीत उभं राहून डोळे मिटून पुटपुटत होते. "सतरा पायऱ्या. डावीकडे. चाळीस पावलं, शिंपी. ओटा. मग उतार. बावन्न पावलं, औषधवाला. उजवीकडे वळण, तिथे गटाराचं झाकण हलतं. तीस पावलं, न्हावी."

मी विचारलं, "अहो, हे काय चाललंय?"

म्हणाले, "पाठ करतोय. दिसतंय तोवर पाठ करून ठेवलं की नंतर पायांना माहीत असेल."

या एका वाक्यासाठी मी आज इथे उभी आहे. आपण घर बदलायचं कधी ठरवतो? पाय गेल्यावर, डोळे गेल्यावर, जोडीदार गेल्यावर. तेव्हा मुलं आपल्याला उचलून नेतात. नवी जागा तेव्हा जागाच राहते, तिचा परिसर होत नाही, कारण तो शिकायला पाय आणि डोळे लागतात. गल्ली पाठ व्हायला वेळ लागतो. गल्लीला आपण पाठ व्हायला त्याहून जास्त. जागा निवडताना कमी दिसेल, कमी चालवेल, त्या दिवसाचा विचार करायचा. पण तिथे जायचं मात्र अजून दिसतंय, चालवतंय, तेव्हाच.

मी तुम्हाला बडोद्याला या असं सांगत नाही. इंदूरच्या रामबागेत, हैदराबादच्या काचीगुड्यात, बेळगावच्या शहापुरात, किंवा तुम्ही आज राहता त्याच गल्लीत हे सगळं असेल. उद्या सकाळी पिशवी घेऊन घराबाहेर पडा. घरातल्या सगळ्यात हळू माणसाला बरोबर घ्या. आठ दारं मोजा. कुठे बसलात, कुठे रस्ता ओलांडताना छातीत धडधडलं, ते वहीत लिहा. तुमची गल्ली पास झाली तर कुणी कितीही चकचकीत फ्लॅट दाखवला तरी हलू नका. नापास झाली तर मुलांशी बोला. आजच बोला, आजारपण येण्याआधी बोला.

आमचा मुलगा दिवाळीत आला होता. पहिल्या दिवशी त्याने गल्ली बघितली, गाई बघितल्या, आणि काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वडिलांबरोबर खाली गेला. परत आल्यावर मला म्हणाला, "आई, बाबांना पन्नास पावलांत चार जणांनी हाक मारली. माझ्या सोसायटीत मला चार वर्षांत कुणी मारली नाही."

आणि हो. परवा सकाळी हे न सांगता कुठेतरी गेले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मी गॅलरीत आले. फोन हातात घेतला, पण लावला नाही. हे खालून येताना दिसले, एक हात कठड्यावर, ओठांवर पायऱ्यांचे आकडे. घरात आले आणि टेबलावर काहीतरी ठेवून अंघोळीला निघून गेले. मी जाऊन बघितलं.

ब्लेडचं पाकीट होतं.